पीडियाट्रिक सर्जरी घेऊ का असं विचारणाऱ्या ज्युनिअर्ससाठी

नीट-एसएसचे, म्हणजे सुपरस्पेशालिटीच्या प्रवेश परीक्षेचे दिवस आले की जनरल सर्जरीत एमएस झालेल्या कुणा ना कुणाचा मेसेज येतोच, मॅडम पीडियाट्रिक सर्जरी, म्हणजे लहान मुलांची सर्जरी घेऊ का, स्कोप आहे का. आणि आमच्या ब्रांचच्या सीट्स दरवेळी रिकाम्या राहतात, गॅस्ट्रो आणि युरो मात्र आधी भरतात. प्रत्येकाला फोनवर वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते.

वर्षांचा हिशोब तुम्हाला माहितीच आहे. एमबीबीएस साडेचार, इंटर्नशिप एक, एमएस तीन, एमसीएच ही सुपरस्पेशालिटीची पदवी तीन, म्हणजे कुठेही न अडकता गेलात तरी साडेअकरा वर्षं, त्यात बॉन्ड आणि एंट्रन्सच्या तयारीची वर्षं धरलेलीच नाहीत. एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षांचा डीआरएनबीचा (राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या सुपरस्पेशालिटी पदवीचा) रस्ताही आहे, ज्याचं आधीच ठरलंय त्याने तो बघावा. पैशांचं म्हणाल तर मेडिकल कॉलेजात राहिलात तर बरोबरीचे लोक प्रायव्हेटमध्ये पुढे जातील, हे घरच्यांशी आधीच बोलून घ्या.

आता काम. एमएसमध्ये हात बसलेला असतो, अपेंडिक्स, हर्निया, परफोरेशन सगळं केलेलं असतं आणि एमसीएचच्या पहिल्या आठवड्यात कळतं की इथे सगळं परत शिकायचंय. दोन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं साधारण 160 मिली, एक मोठा कप चहा भरेल एवढं, मोठ्या माणसात आपण ज्याकडे बघतही नाही तेवढा ब्लीड इथे जीव घेऊ शकतो. म्हणून आम्ही रक्त टिपून भिजलेले स्वॅबसुद्धा वजन करून बघतो. ओटीतला (ऑपरेशन थिएटरमधला) एसी बंद, बाळ कापसाच्या रोलमध्ये गुंडाळलेलं, खाली वॉर्मर आणि आम्ही गाऊनच्या आत घामाने निथळत असतो कारण बाळ गार पडलं की सगळंच बिघडत जातं.

इसोफेजिअल अट्रेशिया घ्या. अन्ननलिका मध्येच बंद, बहुतेक बाळांत खालचा भाग श्वासनलिकेला जोडलेला. जन्मल्यावर तोंडाला सारखा फेस येतो, नळी घातली तर साधारण दहा सेंटिमीटरवर अडते. एवढं लेबर रूममध्ये कुणी बघितलं तर बाळ कोरडं, स्वच्छ छातीचं आमच्यापर्यंत येतं, नाही बघितलं तर दूध पाजलेलं आणि न्यूमोनिया झालेलं येतं, आणि मग ऑपरेशन तेच असलं तरी लढाई वेगळीच असते. 1941 साली मिशिगनमध्ये कॅमेरॉन हेट यांनी ही दोन टोकं एकाच ऑपरेशनमध्ये जोडून पहिल्यांदा बाळ वाचवलं, त्याआधी ही मुलं जवळजवळ सगळीच जायची. आज सहा-शून्यच्या, अगदी बारीक धाग्याने तेच टाके घालताना, समोर सर उभे असतात आणि आपल्याला घालू देतात, तेव्हा पोटात काय होतं ते लिहून सांगता येणार नाही. आणि आता मी समोरच्या बाजूला उभी असते तेव्हा कळतं की टाका स्वतः घालण्यापेक्षा दुसऱ्याला घालू देणं किती अवघड आहे. हात पुढे जातो, तो मागे ठेवावा लागतो.

पण ओटी बघून ही ब्रांच घेऊ नका, फॉलोअप ओपीडी बघून घ्या. माझं खरं शिक्षण तिथे झालं.

जन्मतः शौचाची जागाच नसलेली बाळं आमच्याकडे कायम असतात. आधी कोलोस्टॉमी, म्हणजे शौचासाठी पोटावर तात्पुरती वाट, मग काही महिन्यांनी मुख्य ऑपरेशन, मग आई घरी रोज दोनदा डायलेटर घालून ती जागा मोठी करत नेते, मग शेवटी कोलोस्टॉमी बंद. मुख्य ऑपरेशन आज जसं करतात ते अल्बर्टो पेन्या यांनी मेक्सिको सिटीत 1980 मध्ये सुरू केलं, मागून बरोबर मधोमध उघडायचं आणि प्रत्येक स्नायू डोळ्यांनी बघत काम करायचं, त्याआधी बरंचसं अंदाजाने चालायचं. पण आपण केलेलं चांगलं झालं का हे टाके काढताना कळत नाहीच. ते कळतं मूल चार-पाच वर्षांचं झाल्यावर, चड्डी खराब न करता शाळेत बसतं का तेव्हा. ज्यांना तसं जमत नाही त्यांना रोज ठरलेल्या वेळी एनिमा देऊन दिवसभर कोरडं ठेवता येतं आणि हे आईला शिकवायला जो वेळ लागतो तो कुठल्याही ऑपरेशनइतकाच मोलाचा आहे असं मी अगदी मनापासून मानते.

आणि ही मुलं फॉलोअपला टिकवून ठेवणं हीच आमच्याकडची मोठी लढाई. ऊसतोडीला गेलेलं कुटुंब सहा-सहा महिने गावात नसतं, फोन नंबर बदलतात. म्हणून आमचे रजिस्ट्रार बापाचा, मामाचा आणि आशाताईंचा असे तीन नंबर फाईलवर लिहून घेतात, कुठला तरी एक लागतो. ॲकॅडमिक सर्जन म्हणजे पेपर छापणारा असं बाहेर वाटतं, पण ही फाईल नसेल तर पेपर कशाचा लिहिणार? वीस वर्षांपूर्वीच्या बाळाचं आज काय झालं हे ज्या डिपार्टमेंटला सांगता येतं ते डिपार्टमेंट पुढच्या बाळासाठी काहीतरी बदलू शकतं. आमची मुलं मोठी होतात, लग्नाची होतात, तेव्हा मोठ्यांच्या डॉक्टरांना यांचं ऑपरेशन नक्की काय झालंय तेच माहीत नसतं आणि ती परत आमच्याच दारात येतात, लहान मुलांच्या बाकावर अवघडून बसतात. यांच्यासाठी नीट सोय व्हायला पाहिजे, यावर थिसीस व्हायला पाहिजेत.

शिकवण्याचं पण सांगते. दर बॅचच्या इंटर्न्सना मी दोन गोष्टी पाठ करायला लावते. नवजात बाळाला हिरवी उलटी झाली की ती सर्जिकल इमर्जन्सी, आतड्याला पीळ पडला असेल तर तास मोजायचे, औषध देऊन घरी पाठवायचं नाही. आणि कावीळ दोन आठवड्यांच्या पुढे राहिली, शी पांढरट असेल तर लगेच पाठवा, कारण बिलिअरी अट्रेशियाचं, म्हणजे पित्तनलिका बंद असण्याच्या आजाराचं, कसाई (Kasai) या जपानी सर्जनच्या नावाचं ऑपरेशन दोन महिन्यांच्या आत झालं तर लिव्हर वाचायची आशा जास्त, आणि आमच्याकडे बाळ येतं तेव्हा "कोवळं ऊन दाखवा" मध्ये बरेचदा तिसरा महिना लागलेला असतो. पीएचसीला बसलेल्या एका जरी इंटर्नला हे आठवलं तर मी ओटीत न जाता एक मूल वाचलेलं असतं.

तर घेऊ का विचारणाऱ्यांनी एमएसच्या रोटेशनमध्ये पीडियाट्रिक सर्जरी मागून घ्या, प्रायव्हेटवाल्या सिनिअर्सशी पण बोला, आणि फॉलोअप ओपीडीत सकाळपासून शेवटचा पेशंट जाईपर्यंत बसा, मध्ये उठू नका. आयांशी बोला, डायलेटर कसा घालतात ते त्यांच्याकडून बघा. त्यानंतरही विचारावंसं वाटलं तर खुशाल फोन करा, रात्री केलात तरी चालेल, बहुतेक वेळा आम्ही जागेच असतो.