तुम्ही विचारलंत म्हणून: मी पाय का धुऊन घेत नाही

पवित्र गुरुवार जवळ आला की बारा जणांची यादी निघते. येशूनं शेवटच्या जेवणाच्या रात्री आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले, तसे त्या दिवशी पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, चर्चमध्ये बारा जणांना बसवून त्यांचे पाय धुतात. यादीच्या मागोमाग प्रश्न येतो. “सिस्टर, तुम्ही काऊन नाही बसत जी?” मी नाही म्हणते, मग कोणीतरी समजूत घालायला घरी येतं. यंदा आलेल्या बाईंनी थेट येशूचा शिष्य पेत्रच काढला. त्यानंही आधी नाही म्हटलं होतं, आणि प्रभूनं सुनावलं होतं की मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. म्हणजे माझाही वाटा गेला, असं त्यांना सुचवायचं होतं. चहा घेऊन गेल्या.

तर एकदाचं लिहूनच टाकते.

मला पाय धुण्याचं वावडं नाही. आयुष्य वॉर्डात गेलं. शुगरच्या पेशंटचे पाय कसे धुवायचे ते मला झोपेतून उठवून विचारा. पाणी कोमट, आणि ते आपल्या कोपरानं बघायचं, कारण त्याच्या पायाला चटका कळत नाही. पाय भिजत ठेवायचे नाहीत. बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. तळवा उलटून पाहायचा, कारण जखम झाल्याचा त्याला स्वतःला पत्ता नसतो. हे सगळं मी पगार घेऊन केलं आणि पगार घेतला म्हणून त्यातली सेवा पातळ झाली असं मला कधी वाटलं नाही. नम्र वगैरे मी नव्हतेच. माझा राउंड सुरू झाला की आयाबाया पदर सावरायच्या.

आता त्या वर्षाचं सांगते. बारावं नाव पाळकसाहेबांनी गुपित ठेवलं होतं. एप्रिलची संध्याकाळ, चर्चमध्ये कूलर अजून लागले नव्हते, सगळे गाण्याच्या पुस्तकानं वारा घेत होते. अकरा जण झाले आणि पाळकसाहेबांनी आमच्या चौकीदार काकांना हाक मारली. काका दारात उभे होते. घंटा वाजवणं, बाकं पुसणं, संडास धुणं, सगळं त्यांच्याकडं. त्या दिवशीचं पाणीही त्यांनीच तापवलेलं, गंगाळ त्यांनीच वेदीसमोर आणून ठेवलेलं, नॅपकिनच्या घड्याही त्यांच्याच. नाव ऐकल्यावर त्यांना वाटलं पाणी कमी पडलं. ते बादली घेऊनच पुढं आले. लोक हसले. प्रेमानंच हसले, पण हसले.

त्यांना खुर्चीत बसवलं. ते पाय खुर्चीखाली ओढून घेत होते. पाळकसाहेबांनी गुडघे टेकले, उजवा पाय हातात घेतला, माइक जवळ ओढला आणि बोलायला लागले. बोलले छान. त्याच रात्री शिष्यांमध्ये मोठा कोण यावरून वाद झाला होता, लूकनं तो बायबलातल्या आपल्या शुभवर्तमानात लिहून ठेवलाय. आणि धरून देणाऱ्या यहूदाचेही पाय प्रभूनं धुतले. मोबाइल वर झाले. पाय तसाच हातात. पाळकसाहेब मंडळीकडं बघत होते, मंडळी त्यांच्याकडं. मी दुसऱ्या बाकावर होते, मला तळवा दिसला. अंगठ्याखाली जाड घट्टा, त्याच्या मधोमध काळं भोक, भोवती लाली. ज्यानं वॉर्ड पाहिलाय त्याच्या पोटात अशा वेळी खड्डा पडतो. ओंजळभर पाणी पडलं, नॅपकिन वरच्यावर फिरला, बेचक्या ओल्याच राहिल्या. आमेन.

मग गाणं सुरू झालं. ते चालू असतानाच काका उठले, कोपऱ्यातून पोछा आणला आणि वेदीसमोर सांडलेलं पाणी पुसू लागले. कोणी सांगितलं नव्हतं. थांबवलंही नाही कोणी.

उपासनेनंतर मी त्यांना बाकावर बसवून पाय पाहिला. “दुखत नाई जी सिस्टर,” म्हणाले. दुखत नाही हीच तर त्या दुखण्याची खोड. अंगठा काढावा लागला, पाय वाचला. पाळकसाहेब रोज हॉस्पिटलात यायचे, हे लिहिलं नाही तर अन्याय होईल. मंडळीनं खास दान गोळा केलं, तेही भरभरून. काकांनी पुढं उभं राहून सगळ्यांचे आभार मानले. पुढं मी कमिटीत विषय काढला की पगार वाढवा आणि आजारपणाची रजा भरपगारी करा. उत्तर मिळालं, “सिस्टर, ही काय नोकरी आहे का? देवाची सेवा आहे.” बोलणारे गृहस्थ त्या बारांतलेच. विषय पुढं ढकलला.

म्हणून मी बसत नाही.

तुम्ही म्हणाल, पोपसुद्धा करतात. फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये रोमच्या अल्पवयीनांच्या तुरुंगात पाय धुतले, त्यात मुली होत्या, मुस्लिमही होते. बरोबर. पण ते तुरुंगात गेले होते, तुरुंगातल्यांना माइकसमोर बोलावलं नव्हतं. आणि योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय नीट वाचा. येशू जेवणावरून उठला, वस्त्र काढून ठेवलं, रुमाल कंबरेला बांधला आणि गंगाळात पाणी ओतलं. पाणी त्यानं स्वतः ओतलं. पुढं तो शिष्यांना म्हणतो की एकमेकांचे पाय धुवा. आमच्याकडं एकाच बाजूनं धुतात. मार्काच्या शुभवर्तमानात तर पाण्याचा घडा घेऊन जाणारा एक माणूस आहे, त्याच्या मागं गेल्यावरच शिष्यांना त्या शेवटच्या जेवणाची माडी सापडते. त्याला नाव नाही. तो जेवायला थांबला का, त्याचे पाय कोणी धुतले का? मी पाळकसाहेबांना विचारलं. म्हणाले, प्रवचनाला चांगला विषय आहे.

तरुणपणी मीच युवक संघाच्या शिबिरांत ‘सेवक-नेतृत्व’ शिकवायचे. फळ्यावर त्रिकोण काढायचा, मग तो उलटा करायचा, पुढारी तळाशी. रॉबर्ट ग्रीनलीफ या अमेरिकन माणसाचा त्यावरचा निबंध १९७० चा, आणि आपली चर्च ऑफ नॉर्थ इंडियाही त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला इथं नागपुरातच स्थापन झाली, हे सांगून टाळ्या घ्यायचे. त्याच ग्रीनलीफनं कसोटी सांगितली होती: ज्यांची सेवा केली ते जास्त निरोगी, जास्त मोकळे झाले का, आणि सगळ्यांत खालच्याचं काय झालं? टाळ्यांत हा भाग मागं पडायचा.

पण ती शिबिरातली पोरगी गप्प बसत नाही. ती विचारते, तळवा तुला दिसला कशामुळं? त्या विधीमुळंच ना? एरवी काका रोज चपला घालून तुझ्यासमोरून जायचेच. मी म्हणते, पाय बघायला वेदी लागत नाही. ती म्हणते, तुला तर लागली. यावर मी चिडते, एवढंच.

आणि काका? त्यांना मी विचारलं की त्या दिवशी लाजल्यासारखं झालं का. ते म्हणाले, “मले त बरं वाटलं जी. माह्या पायाले आजवर कोन हात लावला?” ज्यांच्या वतीनं मी एवढी भांडते, त्यांचं हे म्हणणं. त्यांनी पुन्हा बसावं असं मला वाटतं का? माहीत नाही. ते मला विचारणारही नाहीत.

पाळकसाहेबांनी माझं अर्धं ऐकलंय. गेल्या वर्षीपासून मोबाइल बंद, आणि बादली ते स्वतः भरतात. पोछाही घ्यायला जातात, पण काका तो त्यांच्या हातून काढून घेतात, आणि मग दोघांची ओढाताण बघून गाणाऱ्यांना हसू येतं.

पगाराचा विषय जूनच्या बैठकीत पुन्हा ठेवलाय. उपासनेनंतर, मागच्या हॉलमध्ये. माझी समजूत घालायला घरी येता, तसे तिथंही या.