आमची वाटचाल : आवाज आमच्या शीटचा नव्हता

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या गाळ्यात हाताने चालवायची एक फ्लाय प्रेस, एक ड्रिल मशीन आणि शेजारच्या कारखान्याकडून मागून आणलेला बेंच ग्राइंडर एवढ्या सामग्रीवर आम्ही दोघांनी स्टीअरिंगमध्ये बसणारे वॉशर आणि शीट कापण्याचे आमचे काम सुरू केले. दोघे म्हणजे मी आणि अण्णा. अण्णा माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठे आणि एका मोठ्या कारखान्याच्या टूलरूममध्ये उमेदीची वर्षे घालवून आलेले. नवीन डाय, म्हणजे कापण्याचा साचा, बसवली की फट मोजायचा फीलर गेज हातात घेण्याआधी ते सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पंचाखाली धरत. कागद चारही बाजूंनी स्वच्छ कापला गेला, कुठे लोंबला नाही किंवा फाटला नाही, तरच पुढे हायलमची, म्हणजे वीजरोधक कडक शीटची, पट्टी लावायची, हा त्यांचा दंडक होता. आमच्याकडे आज सीएनसीवर कापलेल्या स्टील रूल डाय आहेत. पण नवा मुलगा कामावर आला की पहिल्या दिवशी त्याला कागदाचीच परीक्षा द्यावी लागते.

पहिले काम हायलमच्या वॉशरचे. त्या काळी स्टीअरिंगमधल्या हॉर्नचा करंट पितळी रिंग आणि तिच्यावर स्प्रिंगने दाबलेला ब्रश यांतून जात असे, आणि त्या रिंगखालचे इन्सुलेशनचे वॉशर आम्ही देत असू. ब्रश झिजला की खरखर येते आणि वॉशर सैल झाला की टिकटिक येते, हे आम्ही तेव्हाच शिकलो. पुढे एअरबॅग आली. हॉर्नचा संपर्क क्षणभर सुटला तर हॉर्न चुकतो, एवढेच. एअरबॅगच्या सर्किटला मात्र तसा भरवसा चालत नाही. म्हणून ब्रशच्या जागी घड्याळाच्या स्प्रिंगप्रमाणे गुंडाळलेली चपटी केबल आली. तिला गॅरेजवाले क्लॉक स्प्रिंग म्हणतात, कंपनीच्या ड्रॉइंगवर रोल कनेक्टर लिहिलेले असते, आणि आमच्या शेडमध्ये सगळे तिला नुसते ‘गुंडाळी’ म्हणतात. त्या गुंडाळीच्या वर आणि खाली बसणाऱ्या घसरत्या शीट आम्ही कापू लागलो. त्यानंतरच्या कित्येक वर्षांबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. काम येत होते, जात होते, हप्ते फिटले, आणि भाड्याच्या गाळ्यातून आम्ही अंबडला स्वतःच्या शेडमध्ये आलो.

या कामातला कस आवाजात आहे. पॉलिएस्टरच्या दोन फिल्ममध्ये तांब्याच्या पट्ट्या दाबून केलेली ही केबल प्लास्टिकच्या डबीत मोकळी गुंडाळलेली असते. चाक एका बाजूला फिरवले की ती आतल्या दांड्यावर आवळते, दुसऱ्या बाजूला फिरवले की सैल होऊन बाहेरच्या भिंतीला टेकते. केबलची रुंदी आणि डबीची आतली उंची यांत मिलिमीटरच्या काही दशांशांचाच फरक ठेवलेला असतो. तो कमी पडला तर केबलच्या कडा तळाला आणि झाकणाला घासून सळसळतात. जास्त झाला तर खड्ड्यांच्या रस्त्यावर केबल वरखाली आपटून टकटक करते. शीट या दोन्हींच्या मध्ये उभी असते. ती गुळगुळीत असली की सळसळ जाते, आणि तिच्या पाठीला मऊ फोम लावून केबलला अगदी हलका दाब दिला की टकटक जाते. दाब थोडा अधिक झाला की गेलेली सळसळ परत येते. शीटचे मटेरिअल म्हणजे अतिउच्च रेणुभाराचे पॉलिथिन. त्याच्या जाड ठोकळ्यावरून लेथसारख्या यंत्रावर फिल्म सोलून काढतात आणि म्हणून तिला एका बाजूला वळण्याची खोड असते. ती वळणारी बाजू केबलकडे आली तर शीटची कडा उचलली जाऊन केबलला लागते. कापताना कडेला निघणारा बर, म्हणजे खरखरीत उंचवटा, हाही केबलच्या विरुद्ध बाजूलाच राहिला पाहिजे. यासाठी आम्ही शीटच्या बाहेरच्या कडेला नखाएवढी एक खाच ठेवली होती. खाच उजव्या हाताला आली म्हणजे बाजू बरोबर, ही खूण मशीनवरच्या मुलींसाठी होती. ड्रॉइंगमध्ये तिचा उल्लेख नव्हता. या खाचेचा विषय पुढे येणार आहे.

2018 च्या डिसेंबरात आमच्या सर्वांत मोठ्या ग्राहकाकडून तक्रार आली. थंडीत सकाळी गाडी काढताना चाक फिरवले की ‘कुंई’ असा आवाज येतो, आणि शीट तुमची, म्हणून आवाजही तुमचा, असे तिचे स्वरूप होते. नाशिककरांना डिसेंबरची थंडी सांगायला नको. निफाडकडे द्राक्षबागा वाचवण्यासाठी पहाटे शेकोट्या पेटवतात. आठ दिवसांत सोळा हजार शीट परत आल्या आणि तीन महिन्यांची बिले अडकली.

आमच्याकडे ध्वनिरोधक खोली नव्हती. अण्णांनी प्लायवूडची पेटी केली, आतून दोन थर फोम लावला आणि बाहेरून जुन्या गाद्या गुंडाळल्या. बाजारातला साधा ध्वनिमापक 30 डेसिबलच्या खाली मोजतच नाही, आणि मोजायचा आवाज भोवतालच्या आवाजापेक्षा किमान 10 डेसिबलने वर असला तरच आकड्यावर विश्वास ठेवता येतो. दिवसा शेजारची पॉवर प्रेस चालू असताना ते शक्य नव्हते, म्हणून आम्ही रात्री दोन ते पाच या वेळेत काम करू लागलो. थंडीसाठी भाच्याच्या आइस्क्रीमच्या दुकानातला डीप फ्रीझर वापरला. डबी सिलिका जेलसह प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आत ठेवायची, नाहीतर बाहेर काढल्यावर दव धरून सगळा आवाजच बदलतो. मग ती पेटीत ठेवून तापमान चढत असताना सावकाश फिरवत राहायचे. आठ अंशांच्या आसपास कुंई स्पष्ट येई आणि पंधरा अंशांच्या वर नाहीशी होई.

मीटरने आवाज किती आहे ते सांगितले, पण तो कुठून येतो ते अण्णांनी सांगितले. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक डबीवर टेकवून आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून ते पाच मिनिटे ऐकत बसले आणि म्हणाले, “ही केबल नाही रे. केबल कुजबुजते, हे किंचाळतंय. गुंडाळी काढून टाक.” आम्ही झाकण उघडले, केबल काढली, आमच्या दोन्ही शीट काढल्या आणि डबीतला नुसता रिकामा रोटर, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा आतला भाग, थंड करून फिरवला. कुंई तशीच्या तशी होती. त्या क्षणी पहाटेचे साडेतीन वाजले होते आणि आम्ही दोघे लहान मुलांसारखे हसलो.

कारण नंतर सापडले. पूर्वी रोटर पॉलिअसेटल या कडक प्लास्टिकचा आणि बाहेरची डबी वेगळ्या प्लास्टिकची असे. मधल्या काळात कोणीतरी खर्च वाचवण्यासाठी डबीचा दाणा, म्हणजे कच्चे प्लास्टिकही पॉलिअसेटलचेच केले होते, आणि हा बदल आम्हाला कळवण्याची कोणाला गरज वाटली नव्हती. पॉलिअसेटलवर पॉलिअसेटल घासले की ते आधी चिकटते आणि मग सुटते. चिकटणे आणि सुटणे सेकंदाला शेकडो वेळा झाले की त्याची शिट्टी होते. थंडीत ग्रीस घट्ट होऊन कडेपर्यंत पसरत नाही, म्हणून ही शिट्टी हिवाळ्यातच ऐकू येते. आमच्याकडे जुन्या लॉटची एक डबी नमुना म्हणून ठेवलेली होती. नवा रोटर त्या जुन्या डबीत बसवला आणि आवाज गेला.

हे सगळे आम्ही नऊ पानांत लिहून पाठवले. त्यातच मी एक वाक्य लिहिले की परत आलेल्या शीटपैकी एका लॉटमध्ये डायचे पाते बोथट झाल्याने बर वाढला आहे आणि त्यामुळे किंचित सळसळ येऊ शकते, मात्र तिचा कुंईशी संबंध नाही. अण्णा म्हणाले होते, हे वाक्य काढ. मी काढले नाही, कारण ते खरे होते. मार्च 2019 मध्ये ग्राहकाकडून सहा लाख चाळीस हजारांची डेबिट नोट, म्हणजे बिलातून रक्कम वळती केल्याची चिठ्ठी, आली, आणि त्यात आमच्याच अहवालातले ते एक वाक्य उतरवून ‘पुरवठादाराने दोष मान्य केला आहे’ असे लिहिले होते. उरलेल्या आठ पानांना आजवर उत्तर आलेले नाही. त्यांनी पुढे डबीचा दाणा मुकाट्याने पुन्हा बदलला, हे आम्हाला बाजारातून आलेल्या एका डबीवरून कळले.

ऑर्डर गेली ती अंबडमधल्याच एका व्यापाऱ्याकडे. या गृहस्थांकडे प्रेस नव्हती, डाय नव्हती. ते मटेरिअल विकत आणि कापण्याचे काम बाहेर देत. त्यांना आमच्या शीटचा नमुना कोणी दिला हे मी येथे लिहीत नाही. त्यांनी नमुन्यावरून हुबेहूब शीट केली, अगदी आमच्या खाचेसकट. मात्र खाच कशासाठी आहे हे त्यांना ठाऊक नसल्यामुळे फिल्म कशीही प्रेसखाली जात होती आणि बऱ्याच शीट उलट्या निघत होत्या. त्यांची सळसळ आम्ही आमच्या पेटीत ऐकली आहे. दर आमच्यापेक्षा अठरा टक्क्यांनी कमी होता, त्यामुळे ती सळसळ खपून गेली. 1 जुलै 2019 पासून देशात बनणाऱ्या प्रत्येक मोटारीत चालकासाठी एअरबॅग बंधनकारक झाली. म्हणजे ज्या वस्तूवर आम्ही डोळे फोडले तिची मागणी वाढण्याच्या वेळी आम्ही दाराबाहेर होतो.

त्यानंतरचे वर्ष मंदीचे होते आणि 2020 च्या मार्चअखेर टाळेबंदी आली. अकरा कामगारांपैकी चार राहिले. या काळात आम्हाला तारले ते सिन्नरजवळच्या माळेगाव वसाहतीतल्या एका जुन्या ग्राहकाने. ते ट्रॅक्टरच्या हॉर्नचे संपर्क बनवतात आणि पहिल्या वर्षापासून आमचेच हायलमचे वॉशर घेतात. त्यांचा फोन आला, “शेठ, तुमचे वॉशर नासत नाहीत ना? मग सहा महिन्यांचे आत्ताच करून ठेवा, पैसे उद्या टाकतो.” त्यांचे स्वतःचे काम त्या वेळी बंद होते. आम्ही त्या वॉशरचा दर आजही वाढवलेला नाही, आणि आमच्या मुलाला हे पटत नाही.

धाकट्या उद्योजकांनी विचारलेले नसताना दोन गोष्टी सांगतो. प्रत्येक लॉटचे नमुने ठेवाच, आणि नुसते स्वतःच्या मालाचे ठेवू नका. तुमचा माल ज्या भागात बसतो तो भागही मागून घ्या, कारण आम्हाला निर्दोष ठरवले ते त्या एका जुन्या डबीने. दुसरी गोष्ट पैशांची. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदणी असेल तर लेखी करार करूनही बिलाची मुदत 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही, असे 2006 चा कायदा सांगतो, आणि सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. आम्ही ती केली नाही, संबंध बिघडतील म्हणून. संबंध तसेही बिघडले. जाता जाता गॅरेजवाल्यांनाही सांगतो : स्टीअरिंगमध्ये आवाज येतो म्हणून फटीतून तेल फवारू नका, आणि गुंडाळी बदलताना ती बरोबर मध्यावर आणूनच बसवा, नाहीतर चाक एका टोकाला पूर्ण वळल्यावर केबल तुटते आणि एअरबॅगचा दिवा लागतो.

आता विजेच्या मोटारींमुळे हेच काम पुन्हा अंगावर आले आहे. इंजिनाचा आवाज नसल्याने पार्किंगमध्ये चाक वळवताना पूर्वी कोणाला ऐकू न येणारी सळसळ आता गिऱ्हाइकाला ऐकू येते. फोम एकसंध न लावता त्याला बारीक चिरा देऊन केबलवरचा दाब सारखा वाटण्याचा प्रयोग आम्ही सध्या करत आहोत. पेटी तीच आहे, गाद्या बदलल्या आहेत. अण्णा आता ऐंशीच्या पुढे आहेत; खंडेनवमीला प्रेसची पूजा त्यांच्याच हातून होते, आणि पूजा झाली की ते स्क्रू ड्रायव्हर मागून घेतात.

गेल्या महिन्यात त्याच जुन्या कंपनीतल्या एका तरुण इंजिनिअरचा फोन आला. नव्या मॉडेलमध्ये सळसळ येते, तुमच्याकडे कसली तरी पेटी आहे असे ऐकले, शीटचा दर द्याल का, असे त्याने अदबीने विचारले. 2018 साली तो बहुधा कॉलेजात असेल. मी दर दिला, डायचा निम्मा खर्च आगाऊ मागितला, आणि खाली एक ओळ घातली की मार्च 2019 ची डेबिट नोट रद्द झाल्याचे पत्र मिळाल्यावर नमुने पाठवले जातील. त्याला आज अकरा दिवस झाले. मुलगा म्हणतो, ती ओळ काढा. अण्णांना विचारले तर ते म्हणाले, या वेळी राहू दे.