कार्थेजचं रिंगण: पर्पेतुआ आणि फेलिसिती यांच्या आठवणीत

ट्युनिशियाला जाणारे बहुतेक जण कार्थेजला समुद्राकाठची अँटोनाइन स्नानगृहं बघतात, सिदी बू सईदच्या निळ्या दारांपाशी फोटो काढतात आणि संध्याकाळी ट्युनिसला परततात. बिर्सा टेकडीच्या पश्चिमेला रोमन अँफिथिएटर आहे, म्हणजे झुंजींच्या खेळांचं रिंगण. कार्थेजच्या सगळ्या अवशेषांसाठी मिळणारं एकच तिकीट तिथेही चालतं, पण तिकडे क्वचितच कोणी वळतं. मी मुख्यतः त्याच्यासाठी गेले होते. ज्यांना रोमन काळातल्या ख्रिस्ती रक्तसाक्षींबद्दल, म्हणजे श्रद्धेसाठी मरण पत्करलेल्यांबद्दल, आस्था आहे, त्यांनी तिथे नुसतं डोकावून न येता अर्धा दिवस राखून ठेवावा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

कार्थेजला मारल्या गेलेल्या पर्पेतुआ आणि फेलिसिती ही नावं आम्हा वसईकरांना परकी नाहीत. मिस्सेतल्या (कॅथलिक उपासनेतल्या) जुन्या रोमन प्रार्थनेत संतांची यादी येते, त्यात फेलिसिती आणि पर्पेतुआ आगाथा-लुसीच्या आधी येतात. वसईचाच सुपुत्र गोन्सालो गार्सिया १५९७ साली नागासाकीला क्रुसावर गेला, त्याची कथा आम्ही लहानपणापासून ऐकतो. पण पर्पेतुआची गोष्ट वेगळी आहे. तिच्याबद्दल फक्त दुसऱ्यांनी लिहिलेलं नाही. तुरुंगातले दिवस तिने स्वतः लिहून ठेवले आहेत. ख्रिस्ती स्त्रीच्या हातचं इतकं जुनं लिखाण फारच थोडं उरलं आहे. म्हणून पहिला सल्ला: निघण्याआधी तो मजकूर वाचा. लहानसाच आहे, एका बैठकीत होतो. इंग्रजी भाषांतर सहज मिळतं, फोनमध्ये उतरवून घ्या. तो न वाचता गेलात तर अँफिथिएटरमध्ये गवत आणि दगडांपलीकडे काही दिसणार नाही.

साल २०३. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस, तो स्वतः आफ्रिकेतलाच, आजच्या लिबियातल्या लेप्टिस माग्नाचा. विबिया पर्पेतुआ साधारण बावीस वर्षांची, चांगल्या घरातली, शिकलेली, अंगावर पिणारं बाळ. तिच्याबरोबर पकडलेली फेलिसिती गुलाम होती, पोटुशी. शिवाय रेव्होकातुस, सातुर्निनुस, सेकुंदुलुस, आणि या सगळ्यांना शिकवणारा सातुरुस, जो पकडला गेला नव्हता तरी स्वतःहून हजर झाला. पकडलेल्यांचा बाप्तिस्मा अजून व्हायचा होता. पर्पेतुआने तो पहाऱ्यात असतानाच घेतला.

तिच्या वडिलांचा भाग वाचताना मला दरवेळी थांबावं लागतं. वडील ख्रिस्ती नव्हते. ते येऊन विनवतात, म्हातारपणाची शपथ घालतात. ती जवळच्या एका भांड्याकडे बोट दाखवून विचारते, याला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारता येईल का? नाही ना, मग मीसुद्धा जी आहे, ती ख्रिस्ती, त्यापेक्षा वेगळं काही म्हणवून घेऊ शकत नाही. पुढे सुनावणीच्या वेळी अधिकारी हिलारियानुस वडिलांना काठीने मारायला लावतो, आणि ती लिहिते की तो मार जणू आपल्यालाच बसला. बाळाचं दूध, अंधाऱ्या कोठडीतला उकाडा, पहारेकऱ्यांना पैसे चारून काही तास बऱ्या जागी बसवण्याची सोय करणारे तेर्तियुस आणि पोम्पोनियुस हे दोन डीकन (चर्चचे सेवक), हे सगळं तिने टिपलं आहे. बाळ जवळ राहू लागल्यावर तुरुंग आपल्याला महालासारखा वाटू लागला, असंही ती लिहिते. नवऱ्याचा मात्र कुठेच उल्लेख नाही.

आता जागेकडे. ट्युनिस मरीन स्थानकावरून निघणारी टीजीएम ही उपनगरी गाडी पकडा. कार्थेज नावाची स्थानकं एकामागोमाग एक आहेत. कार्थेज हानिबालला उतरून बिर्साच्या बाजूने चालत जाता येतं, वाट चढाची आहे. उन्हाळ्यात चालण्याचा हट्ट धरू नका, पिवळी टॅक्सी करा आणि मीटर चालू करायला सांगा. ड्रायव्हर बऱ्याचदा ‘थिएटर’ समजून भलतीकडे नेतात, कारण कार्थेजला रोमन थिएटरही आहे आणि तिथे उन्हाळ्यात महोत्सव भरतो. म्हणून ‘आंफितेआत्र’ असा फ्रेंच उच्चार करा आणि नकाशा दाखवा.

पोहोचल्यावर भव्य कमानी शोधू नका. बाराव्या शतकातल्या अल-इद्रिसीने इथल्या कमानींचं वर्णन केलं आहे, पण पुढे दगड उचलून नेले गेले आणि उरला तो लंबवर्तुळाकार खड्डा, भोवती झाडं. रिंगणाच्या मधोमध जमिनीखाली उतरणारी खोदाई आहे, आणि तिथेच ‘व्हाइट फादर्स’ या संघाच्या धर्मगुरूंनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या रक्तसाक्षींच्या स्मरणार्थ छोटं चॅपेल केलं. काही मार्गदर्शक त्याला पर्पेतुआची कोठडी म्हणतात. तसं नाही. खेळांच्या आधी त्यांना लष्करी छावणीच्या तुरुंगात हलवलं होतं, एवढंच तो मजकूर सांगतो.

मी रिंगणाच्या कडेला सावलीत बसून शेवटचा भाग वाचला. हा भाग तिचा नाही. खेळांच्या आदल्या दिवसापर्यंतचं मी लिहिलं आहे, पुढे काय घडेल ते ज्याला लिहायचं असेल त्याने लिहावं, एवढं म्हणून ती थांबते आणि दुसऱ्या कोणीतरी लेखणी हाती घेतली. ७ मार्च, सम्राटाचा धाकटा मुलगा गेटा याचा वाढदिवस. फेलिसिती थोड्याच दिवसांपूर्वी, आठव्या महिन्यात, तुरुंगातच बाळंत झाली होती. मुलगी एका बहिणीने वाढवायला नेली. पुरुषांवर बिबट्या, अस्वल, रानडुक्कर सोडले; या दोघींवर पिसाळलेली गाय. गायीने उडवल्यावर पर्पेतुआने आधी फाटलेला अंगरखा सावरला, मग केस बांधायला पिन मागितली आणि जाऊन फेलिसितीला हात देऊन उठवलं. शेवटी तलवार आली. नवख्या ग्लॅडिएटरचा हात थरथरत होता, तेव्हा तिने तो स्वतःच गळ्याशी नेला. ज्याच्या वाढदिवसासाठी हे सगळं झालं, त्या गेटाला २११ साली भावाने, काराकालाने, मारवलं आणि शिलालेखांतून त्याचं नाव छिन्नीने खोडून टाकलं. पर्पेतुआ आणि फेलिसितीची नावं आजही मिस्सेत घेतली जातात.

हे खेळ चालायचे कसे, ते समजायला सूस शहरी जा. तिथल्या कस्बामधल्या (जुन्या किल्ल्यातल्या) पुरातत्त्व संग्रहालयात स्मिरात गावी सापडलेलं, खेळ भरवणाऱ्या मागेरियुसचं मोझॅक आहे. त्याच्यासमोर घाई करू नका. चार बिबटे, प्रत्येकाला नाव, प्रत्येकाशी झुंजणारा शिकारी, त्यालाही नाव. मध्ये एक सेवक तबक घेऊन उभा, त्यावर चार थैल्या. बाजूच्या मजकुरात शिकाऱ्यांच्या तेलेगेनी नावाच्या मंडळीने दर बिबट्यामागे ५०० दिनार मागितल्याचं लिहिलं आहे, आणि थैल्यांवर खूण आहे १००० ची. म्हणजे यजमानाने दुप्पट दिले आणि ते सगळ्यांना दिसावं म्हणून घरातल्या फरशीत जडवून घेतलं. लोकांची करमणूक करणं हा प्रतिष्ठेचा हिशोब होता, हे त्या थैल्या कुठल्याही पुस्तकापेक्षा स्पष्ट सांगतात. पर्पेतुआला मारणारी व्यवस्था समजून घ्यायची तर या थैल्या नीट बघायला हव्यात, असं मला वाटतं.

एल जेम गावचं अँफिथिएटर अफाट आहे, बघाच. फक्त ते पर्पेतुआच्या नंतरचं, तिसऱ्या शतकातलंच पण पुढचं बांधकाम आहे. तिथे तिचा संबंध जोडू नका. रेल्वे स्थानकावरून ते चालत गाठता येतं. सूस आणि एल जेमकडे जाणाऱ्या सामायिक गाड्या, ज्यांना तिथे ‘लुआज’ म्हणतात, ट्युनिसला मोंसेफ बे स्थानकावरून सुटतात. माणसं भरली की निघतात, वेळापत्रक नाही.

आणखी काही गोष्टी. बिर्सावरचं राष्ट्रीय संग्रहालय दुरुस्तीसाठी दीर्घकाळ बंद होतं, तेव्हा उघडलं आहे का ते आधी विचारा. मसिद्फाच्या बॅसिलिकेत १९०७ साली फादर देलात्र यांना पर्पेतुआ आणि तिच्या सोबत्यांची नावं कोरलेल्या शिळेचे तुकडे सापडले होते. ते बघायची इच्छा असेल तर संग्रहालयाची ही चौकशी चुकवू नका. अँटोनाइन स्नानगृहांच्या शेजारी राष्ट्राध्यक्षांचा महाल आहे, त्या दिशेने कॅमेरा धरला तर पहारेकरी हटकतात. ट्युनिशियाचे दिनार देशाबाहेर नेता येत नाहीत, म्हणून थोडे थोडेच बदला आणि पावत्या जपून ठेवा. अँफिथिएटरवर पाणी-खाणं काही मिळत नाही. पाण्याची बाटली आणि टोपी घेऊनच निघा. मार्च किंवा एप्रिल उत्तम. रविवारी ट्युनिसमध्ये असाल तर बुर्गिबा रस्त्यावरच्या संत व्हिन्सेंट द पॉल कॅथेड्रलमध्ये मिस्सा मिळेल. वेळ दारावरच्या फलकावर बघून घ्या. आणि क्रम असा ठेवा: सकाळी उघडताच अँफिथिएटर, मग जवळच्या ला मालगाच्या रोमन पाणटाक्या, आणि स्नानगृहं दुपारनंतर. उलट केलंत तर रिंगणात पोहोचेपर्यंत ऊन डोक्यावर येतं आणि वाचायला बसण्याजोगी सावली उरत नाही.