क्लच खालपर्यंत दाबला तरी गाडी सरकते? गिअरबॉक्स उतरवायच्या आधी हे बघा

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. नागपुरात वर्धा रोडवर अजनी चौकात सिग्नलला उभा होतो, पहिला गिअर टाकलेला, क्लच खालपर्यंत दाबलेला, आणि गाडी हळूहळू पुढे सरकून राहिली. समोर ॲक्टिव्हावर एक लहान पोरगी मागं वळून माझ्याकडे बघत होती. पटकन ब्रेक दाबला तर इंजिन थरथरलं आणि बंद पडलं. परत चालू केलं तर गिअरच पडेना, मागून हॉर्नवर हॉर्न, दोन-तीनदा पेडल पंप केल्यावर कसाबसा पडला. त्या पोरीचा चेहरा रात्रभर डोळ्यासमोरून गेला नाही.

गॅरेजमध्ये नेली तर बॉनेटसुद्धा न उघडता उत्तर, "क्लच गेला भाऊ, पूर्ण सेट टाकावा लागते, गिअरबॉक्स उतरवा लागंल." खर्च १८ हजार. मी हो म्हणणारच होतो, पण घरी येऊन शांतपणे विचार केला तेव्हा हिशोब जुळेना.

आपल्याकडे 'क्लच गेला' म्हणून दोन अगदी उलट्या तक्रारी एकाच पोत्यात भरतात. प्लेट घासली की क्लच स्लिप होतो, म्हणजे ॲक्सिलरेटर दिला की इंजिन ओरडते पण गाडी ओढत नाही, चढावर तर लगेच कळते. माझ्या गाडीला ओढ मस्त होती. माझा क्लच पकडत नव्हता असं नाही, तो सुटत नव्हता. पेडल दाबूनही प्लेट फ्लायव्हीलपासून (इंजिनसोबत फिरणाऱ्या जड चाकापासून) पूर्ण वेगळी होत नव्हती, म्हणून गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरतच राहायचा आणि गिअर अडायचा. आता नुसती घासलेली प्लेट असं सहसा करत नाही ना!

मग रविवारी सकाळी सहालाच, ऊन चढायच्या आधी, भाच्याला उठवलं. आधी पेडलखालची रबरी मॅट काढली, कारण मॅट गोळा होऊन पेडल पूर्ण खाली जात नाही असंही होते. मग इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहिले, लोण्यासारखे पडले, म्हणजे गिअर लिव्हर आणि त्याच्या केबल ठीक. इंजिन चालू करून क्लच दाबला, थोडं थांबून रिव्हर्स टाकला तर कर्रर्र. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर (गिअर पडायच्या आधी दोन्ही बाजूंचा वेग जुळवणारा भाग) नसतो, त्यामुळे क्लच थोडाही अडकत असेल तर सगळ्यात आधी तोच बोंबलतो.

माझ्या गाडीचा क्लच ऑइलवर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या दाबावर चालतो. ज्यांचा केबलचा आहे त्यांनी आधी केबल बघावी, ताणली असंल किंवा तारा तुटत आल्या असतील, ॲडजस्ट करता येते, पण जास्त ताणू नका, पेडलला थोडा मोकळा खेळ ठेवा नाहीतर मग स्लिप व्हायला लागंल. माझ्याकडे ऑइलच्या डबीत लेव्हल बरोबर होती, पण ऑइल काळंकुट्ट. बाहेर गळती कुठंच नाही, पेडलच्या वर हात घालून पाहिलं, तिथंही कोरडं.

खरी गोष्ट पुढं कळली. एअर फिल्टरचा डबा काढला की गिअरबॉक्सवर स्लेव्ह सिलेंडर दिसतो, त्याची दांडी क्लच सोडवणाऱ्या फोर्कला ढकलते. (काही गाड्यांत हा सिलेंडर आतच असतो, तिथं हे बघता येत नाही.) इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मी मोबाईलचा टॉर्च धरून वाकलेलो. भाच्याला म्हटलं दाब. दांडी साधारण दीड सेंटिमीटर बाहेर आली, झकास. आणि मग बघतो तर हळूहळू, अगदी गोगलगायीसारखी, मागं जाऊन राहिली.

"काऊन बे, पाय सोडला का?"

"नाही ना मामा, पूर्ण दाबून आहो!"

जाऊन पाहिलं, खरंच पाय फळीला टेकलेला होता. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच. तिथंच सगळं उलगडलं. लाईनमध्ये हवा असती तर पेडल स्पंजसारखं लागलं असतं आणि दांडी मुळातच कमी सरकली असती, पण जेवढी सरकली तेवढी टिकली असती. इथं दांडी पूर्ण जाऊन परत येत होती, म्हणजे मास्टर सिलेंडरच्या (पेडलकडून ऑइल ढकलणाऱ्या सिलेंडरच्या) आतलं सील प्रेशर धरत नव्हतं, ऑइल सीलच्या बाजूनं आतल्या आत परत डबीत जात होतं. म्हणून लेव्हल कमी नाही, गळती नाही, आणि म्हणूनच सिग्नलला दाबून धरलं की काही सेकंदांनी गाडी सरकायची.

तरी एक सांगतो, दांडी पूर्ण जाऊन तिथंच थांबत असंल आणि तरी गिअर अडत असंल, तर मात्र दोष आत आहे. फोर्क वाकला असंल, प्लेट वाकडी झाली असंल, गाडी पावसाळाभर उभी राहिली असंल तर प्लेट गंजून फ्लायव्हीललाही चिकटते. तेव्हा गिअरबॉक्स उतरवणं बरोबरच.

सक्करदऱ्याकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांना दांडीचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी एकदाच पाहिला आणि म्हणाले, "सेटले हातबी लावू नको, मास्टर आण." मास्टर बदलला, जुनं ऑइल सगळं काढून नवीन डॉट ४ भरलं, मग एअर काढली. भाचा पेडल दाबून धरायचा, काका स्लेव्ह सिलेंडरवरचं हवा काढायचं निपल उघडायचे, बाटलीत नळीतून बुडबुडे निघायचे, निपल बंद झाल्यावरच पेडल वर. हा क्रम चुकला की हवा परत आत जाते. शेवटी बुडबुडे थांबले, स्वच्छ पिवळसर ऑइल आलं. सगळे मिळून ३ हजारांच्या आत.

काकांनी जुना मास्टर उघडून सील माझ्या तळहातावर ठेवलं. एका बाजूची कड पार घासून गेलेली, आणि बोट फिरवलं तर काळी पूड बोटाला लागली, ऑइल काळं कशानं झालं होतं तेही कळलं. संध्याकाळी अजनी चौकात मुद्दाम पहिला गिअर टाकून सिग्नल सुटेपर्यंत क्लच दाबून धरला, पाय ब्रेकच्या वर तयारच होता. गाडी जागची हलली नाही.