बावीस प्रती, तीन स्वरभाग

पवित्र गुरुवारच्या मिस्सेत ख्रिस्तप्रसादाच्या वेळी मोझार्टचे ‘आवे व्हेरुम कोर्पुस’ हे लॅटिन स्तोत्र गायचे, असे आमच्या वसईच्या धर्मग्रामातील गायकवृंदाने यंदा जानेवारीतच ठरवले होते. मार्चच्या आरंभी दोन टेनरांपैकी (पुरुषांतला वरचा आवाज) एकाला नोकरीसाठी मस्कतला जावे लागले आणि माझ्यापुढे नऊ सोप्रानो (वरचा आवाज), आठ आल्टो (स्त्रियांतला खालचा आवाज), एक टेनर व चार बेस (पुरुषांतला खालचा आवाज) असे बावीस जण उरले. या चार बेसांत आठवीतला एक मुलगा होता. वर्षभरापूर्वीपर्यंत तो सोप्रानोत गात असे. आवाज फुटू लागल्यावर मीच त्याला मागच्या रांगेत बसवले होते. मी ही संख्या पाहिली आणि मूळ चार स्वरभागांऐवजी सोप्रानो, आल्टो व सर्व पुरुषांसाठी मिळून एकच ओळ अशा तीन स्वरभागांच्या मांडणीच्या, म्हणजे एसएबीच्या, बावीस प्रती विकत मागवल्या. हा निर्णय मी पाच मिनिटांत घेतला होता.

स्वरभाग कमी केले की गाणे सोपे होते, असा समज आमच्या समितीत आहे, प्रकाशकांच्या जाहिरातींत आहे आणि त्या दिवशी तो माझ्याही मनात होता. मेंडेल्सोनच्या ‘एलायजा’ या बायबलकथेवरील मोठ्या गायनरचनेतले देवदूतांचे त्रिस्वरी गीत तीन स्त्री-आवाजांसाठीच रचलेले आहे, त्यामुळे आमच्या मुली ते कोणत्याही साथीविना गातात आणि ऐकताना काहीही कमी वाटत नाही. चार स्वरभागांतून एक वजा करून उरलेले तीन ही निराळी गोष्ट आहे. एकत्र गायल्या जाणाऱ्या स्वरांच्या मेळातला, म्हणजे कॉर्डमधला, जो स्वर ती कॉर्ड मेजर की मायनर हे ठरवतो, तो कित्येकदा नेमका टेनरकडे असतो. ती ओळ काढून टाकली की तो स्वर दुसऱ्या कोणाच्या तरी ओळीत ओढूनताणून बसवावा लागतो किंवा ती जागा पोकळ राहते.

या रचनेत तर त्याहून मोठा प्रश्न होता. मोझार्टने ती 1791 च्या जूनमध्ये, मृत्यूपूर्वी सहा महिनेही उरले नसताना, व्हिएन्नाजवळच्या बाडेन गावातील गायकवृंदप्रमुख आंतोन श्टोल या मित्रासाठी लिहिली. सगळे मिळून 46 बार, म्हणजे तालाची आवर्तने, आहेत आणि आरंभी ‘सोत्तो व्होचे’, म्हणजे दबल्या आवाजात, एवढीच सूचना आहे. शेवटाकडे ‘एस्तो नोबिस’ या शब्दांवर सोप्रानो आणि आल्टोची जोडी पुढे होते आणि बारभराच्या अंतराने टेनर आणि बेसची जोडी तिच्यामागून येते. तोवर चौघे बहुतेक एकत्र चाललेले असतात, म्हणून हे वेगळे होणे ऐकणाऱ्याला आतून हलवते. आमच्या छापील प्रतीत मात्र त्या जोडीच्या जागी पुरुषांची एकच ओळ होती. दोघींनी हाक द्यावी आणि ओ द्यायला एकच यावा, तसे ते ऐकू येत होते. सरावात कीबोर्ड वाजवणाऱ्याने उजव्या हाताने दुसरा आवाज भरून काढण्याचा प्रयत्न केला. मी त्याला थांबवले. पवित्र गुरुवारच्या संध्याकाळी ग्लोरिया या स्तुतिगीतानंतर वाद्ये केवळ गायनाला आधार देण्यापुरती वाजवायची असतात, आणि आधार म्हणजे न गायलेली ओळ वाजवणे नव्हे.

त्याच सरावात तो मुलगा गाता गाता गप्प झाला. पुरुषांची ओळ प्रौढ बॅरिटोनच्या, म्हणजे टेनर आणि बेसच्या मधल्या आवाजाच्या, मापाने लिहिलेली होती आणि तिच्या खालच्या जागांवर त्याच्या घशातून नुसती हवा येत होती. त्याने तीच जागा वरच्या सप्तकात घेऊन पाहिली, आवाज चिरकला आणि पुढच्या रांगेतल्या दोन मुली हसल्या. मी मुलींना रागावले आणि सराव पुढे चालू ठेवला. मिस्सेनंतर तो म्हणाला, “टीचर, मी पुढच्या रविवारी नाही येत.” मी त्याला हार्मोनियमजवळ बसवले आणि प्रथमच त्याचा आवाज नीट तपासला. मधल्या सप्तकाखालच्या पांढरी सहापासून मधल्या पांढरी चारपर्यंत त्याचा आवाज स्वच्छ आणि गोड होता. म्हणजे जेमतेम सहा पट्ट्या. माझ्या प्रतीतली एकही ओळ या सहा पट्ट्यांत सबंध मावणारी नव्हती.

त्या रात्री मी एसएबी बाजूला ठेवली आणि मूळ चार स्वरभागांकडे परतले. तीन खर्जातल्या आल्टोंना टेनरच्या ओळीवर नेले. त्यांतल्या एकीने “बाईमाणसाने पुरुषांत उभे राहायचे का?” असे विचारले, पण तिचा खालचा आवाज आमच्या टेनरपेक्षा भरदार लागला. मुलासाठी मी टेनर आणि आल्टोमधून त्याला झेपणारे स्वर निवडून एक स्वतंत्र ओळ हाताने लिहिली. त्यासाठी दोन रात्री लागल्या, आणि मला त्या ओळीचा अभिमान आहे, कारण ‘एस्तो नोबिस’च्या जागी ती पुरुषांच्या जोडीबरोबर आत येत होती. मी त्याच्या आईला दोनदा फोन केला. ती म्हणाली, “त्याला सध्या नकोच म्हणतो, टीचर.”

पवित्र गुरुवारी आम्ही एकवीस जण गायलो: नऊ सोप्रानो, पाच आल्टो, टेनरच्या ओळीवर चौघे आणि तीन बेस. तो मुलगा आईवडिलांबरोबर डावीकडच्या बाकावर बसला होता. ‘एस्तो नोबिस’ आले तेव्हा मी त्याच्याकडे पाहिले. त्याचे ओठ हलत होते, पण गात होता की प्रार्थना करत होता, ते मला इतक्या दुरून कळले नाही. त्याच्या ओळीचा कागद अजून माझ्या फाइलमध्ये आहे. जूनमध्ये सराव पुन्हा सुरू होतील. तोवर त्या सहा पट्ट्या कुठे सरकलेल्या असतील, ते त्याला पुन्हा हार्मोनियमजवळ बसवल्याशिवाय समजणार नाही.