दाढ वाचली आज
रूट कॅनलची दुसरी सिटिंग झाली, खालची डावी दाढ, मी तर काढूनच टाका म्हणत होते पण डॉक्टर मॅडम म्हणाल्या मुळं चांगली आहेत, वाचवू. खरं काम ड्रिलिंगचं नाही, धुण्याचं असतं हे आज कळलं. दाढेवर निळा रबर डॅम, म्हणजे रबराचा पातळ पडदा, ताणून बसवला, मग सुईसारख्या बारीक फाईलने एकेक कॅनल, म्हणजे मुळातली नळी, साफ आणि मधेमधे सिरिंजने सोडियम हायपोक्लोराइट, ब्लीचमधलंच, अगदी स्विमिंग पूलचा वास! फाईल पोचत नाही तिथले जंतू मारतं आणि मेलेली नसही विरघळवतं. मग कागदी पॉइंटने कोरडं करून गुलाबी गटापर्चा, म्हणजे रबरासारखा पदार्थ, भरला, 3 कॅनल. इतके दिवस रात्री लवंग धरून बसायचे, आज आईने मऊ भात केलाय. कॅप पुढच्या आठवड्यात, तोवर उजवीकडूनच चावायचं.