फोटो दाखवा ना, सर

ऐरोलीतील एका शाळेत मी शारीरिक शिक्षण शिकवतो आणि दर हिवाळ्यात आंतरशालेय मैदानी स्पर्धांमध्ये अंतिम रेषेवर पंचाचे काम करतो. त्या दिवशी आम्ही नेरूळमधील एका मैदानावर होतो. मुलींच्या १०० मीटर धावण्याच्या अंतिम शर्यतीत तिसऱ्या आणि चौथ्या लेनमधील दोघी शेवटचे वीस मीटर खांद्याला खांदा लावून आल्या, फक्कीने आखलेल्या रेषेवर एकदमच झेपावल्या, आणि आम्ही पंच आपापल्या चिठ्ठीवर क्रमांक लिहीत असतानाच ध्वनिक्षेपकावरून आमच्या निवेदकांचा आवाज घुमला, ‘‘फोटो फिनिश! मंडळी, फोटो फिनिश!’’

तीन पंचांपैकी दोघांनी चौथ्या लेनला पहिला क्रमांक दिला होता, एकाने तिसऱ्या. दोघींच्याही स्टॉपवॉचवर १४.१ सेकंदच दिसत होते. तथापि हाताने घेतलेली वेळ सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंतच धरली जाते, त्यामुळे तिचा येथे काही उपयोग नव्हता. मुख्य पंचांनी बहुमत मान्य करून निकाल दिला.

पाचच मिनिटांत तिसऱ्या लेनमधील मुलीचे वडील दोरी ओलांडून आले. आवाज न चढवता, अगदी नम्रपणे त्यांनी विचारले, ‘‘सर, तो फोटो जरा दाखवता का?’’

मला क्षणभर कळलेच नाही. ‘‘कसला फोटो?’’

‘‘आत्ताच माइकवर सांगितलं ना, फोटो फिनिश म्हणून. निकाल फोटोवरून लावलाय, तर बघू द्या ना. हरली असेल तर हरली, माझं काही म्हणणं नाही.’’

आमच्याकडे फोटो नव्हता. रेषेच्या सरळीत ठेवलेली एक पायऱ्यांची घोडी, तिच्यावर बसलेले तीन शिक्षक आणि काही स्टॉपवॉच, एवढीच आमची यंत्रणा. निवेदकांनी वापरलेला शब्द शोभेचा होता. त्या गृहस्थांनी मात्र तो शब्दशः घेतला होता, आणि माझ्या मते बरोबर त्यांचेच होते. घोड्यांच्या शर्यतीतून आलेल्या त्या शब्दात शर्यत चुरशीची झाली एवढेच सांगितलेले नसते. उघड्या डोळ्यांना निकाल लागला नाही, म्हणून कॅमेऱ्याला विचारले, असा त्यात दावा असतो.

मी त्यांना सावलीत बसवले आणि खरा फोटो फिनिश कसा असतो ते सांगितले. तो कॅमेरा सगळे मैदान टिपत नाही; फक्त अंतिम रेषेची अरुंद पट्टी सेकंदाला हजार किंवा त्याहून अधिक वेळा टिपतो आणि त्या पट्ट्या शेजारी शेजारी जोडतो, त्यामुळे त्या चित्रात डावीकडून उजवीकडे मोजायचे ते अंतर नसून वेळ असते. घोड्याचे नाक आधी पोहोचले की तो जिंकतो; धावपटूचे मात्र धड मोजले जाते, डोके किंवा हात नव्हे. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या १०० मीटरमध्ये नोआ लाइल्स आणि किशेन थॉम्पसन या दोघांचीही वेळ ९.७९ सेकंद होती. अशा चित्रावरूनच ९.७८४ आणि ९.७८९ हा फरक निघाला. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषाचे कांस्यपदक गेले तेही ५५.४१ आणि ५५.४२ एवढ्याच अंतराने. ‘‘म्हणजे उषाला फोटो तरी मिळाला,’’ ते म्हणाले. यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

जेवणाच्या सुट्टीत मी निवेदकांकडे गेलो. ते आमच्याच शाळेत मराठी शिकवतात, त्यामुळे विषय त्यांना मनापासून लागला. मतमोजणीत हजारभर मतांनी उमेदवार निवडून आला तरी हल्ली वृत्तवाहिन्या फोटो फिनिशच म्हणतात, मग मीच काय पाप केले, असे प्रथम ते म्हणाले. मग स्वतःच शब्द तोलू लागले. ‘अटीतटीची’ म्हटले की दोन्ही बाजू हट्टाला पेटल्या होत्या एवढे कळते, अंतर किती ते कळत नाही. अटीतटीचा सामना दहा गुणांनीही सुटू शकतो. ‘चुरशीची’ त्याहून सौम्य. ‘निसटता विजय’ म्हणजे हातातून जाता जाता राहिलेला, पण तो निकाल लागल्यावरच म्हणता येतो, धावत असताना नाही. यांपैकी एकही शब्द पुरावा आहे असे सुचवत नाही, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिले. दुपारच्या सत्रात त्यांनी कटाक्षाने ‘अटीतटीची’ वापरले. अगदी चार मीटरने जिंकलेल्या ८०० मीटरच्या शर्यतीलाही, पण तेवढे मी सोडून दिले.

संध्याकाळी ते वडील पुन्हा आले. रेषेच्या बाजूने, आमच्या घोडीमागून मोबाइलवर घेतलेले चित्रीकरण त्यांना मला दाखवायचे होते. तिरक्या कोनातून जवळची लेन पुढे भासू शकते, हे मी त्यांना आधीच सांगितले होते, तरीही आम्ही दोघांनी ते एकेक चौकट थांबवत पाहिले. दोघी येतात, दोघी झेपावतात, आणि नेमक्या त्या चौकटीत रेषेवर एक पांढरी टोपी आडवी आलेली आहे. ती टोपी माझी होती. नीट दिसावे म्हणून मी पुढे वाकलो होतो.